पांगुळगाड्याची चाकं

माळ्यावरून काढलेल्या पांगुळगाड्याच्या मुठीवर सुतार आजोबा कानस चालवत होते. लेकीसाठी केवढ्या हौसेनं त्यांनी तो घडवला होता, घुंगरांसकट! ती चालेना, तेव्हा गाड्यातच खोट असणार म्हणून तीनदा मूठ बदलली, चाकांना तेल दिलं. आता मुलाची मुलगी, अठरा महिन्यांची नात, आधारानंही उभी राहत नव्हती. तिला तपासून माहिती भरताच आरोग्यसेविकेच्या मोबाइलवर धोक्याची लाल खूण उमटली. "पाय ताठ आहेत. आजपासून या व्हिडिओतले व्यायाम केले, तर फरक पडेल." "फोनला काय कळतंय?" आजी फणकारली. "हिचा बाप उशिराच चालला, आता घरात टिकत नाही!" आजोबांनी गाडा उलटा केला. चाकं अजून कोरी होती. कुबडी टेकत लेक दारात आली. "बाबा, पुन्हा मूठच बदलताय?" त्यांनी कानस खाली ठेवली. "ताई, व्यायामाचा व्हिडिओ परत लावा," ते सेविकेला म्हणाले. "जरा हळू. हात जड आहेत माझे."