बावीस फोन

सकाळी सहापासून आइला फोन करत होती. कॅनडातल्या थंडर बे शहराच्या महिला आइस हॉकी संघाची ती अकरा वर्षं कप्तान. लीग बंद झाली, आपला संघ संपला, हे प्रत्येकीला आपणच सांगायचं असं तिनं ठरवलं होतं.

"सकाळी सकाळी चेष्टा नको हं," म्हणत टेसा हसली आणि हसता हसताच रडायला लागली. ब्रिननं मधेच फोन ठेवून दिला. नोएल तर या संघासाठी गेल्याच महिन्यात गाव सोडून आली होती. आइला प्रत्येकीला तेच सांगत राहिली, "निघेल गं काहीतरी मार्ग. आधी दोन घास खाऊन घे."

नऊ वाजेपर्यंत तिचा घसा बसला. बाविसावा फोन गोलकीपर डोरीनला. ती संघाच्या पहिल्या सामन्यापासूनची, बायकांना वेगळी खोली नव्हती तेव्हा अडगळीच्या खोलीत कपडे बदलून बर्फावर उतरलेली. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि तुला कोणी कळवलं गं?"

आइलानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कोणीच नाही. कामावर निघाले होते, रेडिओवर बातमी लागली. गाडी कडेला घेतली. अजून तिथेच आहे."