साठवलेला पासवर्ड

नवा कॉम्प्युटर आल्यापासून मोरेश्वररावांची मेल उघडत नव्हती. "पासवर्ड विसरलो," असं त्यांनी दुकानदाराला सांगितलं होतं. म्हणून रविवारी त्यांची मुलगी मृदुला आली आणि जुन्या कॉम्प्युटरवर, मेलच्या प्रोग्रॅममध्ये साठवलेले पासवर्ड शोधू लागली.

'दाखवा'वर क्लिक करताच ठिपक्यांच्या जागी अक्षरं उमटली: डोकंखाऊबाबा.

तिचे कान शरमेने तापले. सहा वर्षांपूर्वी मेलला फोटो कसा जोडायचा हे बाबांनी चौथ्यांदा विचारलं, तेव्हा वैतागून तिनेच हा पासवर्ड ठेवला होता.

"विसरलो नव्हतो गं," बाबा खिडकीकडे बघत म्हणाले. "परक्या माणसाला सांगवेना."

मृदुलाला मान वर करता येईना. "बदलूया," ती कशीबशी म्हणाली. "काय ठेवू?"

"सोपा ठेव. तुला सारखं विचारायला नको."