सहा उंदीर

"चारशे ऐंशी मेंदूपेशी मोजल्या, ताई. औषध लागू पडतंय," धाकटा म्हणाला. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बहिणीने विचारलं, "उंदीर किती?" "सहा. तिघांना औषध, तिघांना नाही." "अरे, एकाच उंदराच्या पेशी सख्ख्या भावंडांसारख्या सारख्याच असणार! तुझे पुरावे चारशे ऐंशी नाहीत, सहाच आहेत." तिने उंदरागणिक गट पाडून गणित पुन्हा मांडलं. औषधाचा गुण कुठल्या कुठे गेला. धाकट्याच्याच भरवशावर बाबांनी कंपवाताची जुनी गोळी सोडून या औषधाच्या चाचणीत नाव घातलं होतं. तेवढ्यात बाबा वही घेऊन आले. "आज चाळीस सह्या केल्या. ही बघ, सरळ आलीय!" बाकीच्या एकोणचाळीस थरथरत ओळीखाली घसरल्या होत्या. आकड्यांबाबत पोरगी कधी खोटं बोलत नाही, म्हणून त्यांनी वही तिच्यापुढेच धरली. "हो बाबा," ती म्हणाली, "फरक पडलाय."