पिनवरचं शून्य

पिनवर पुन्हा शून्यच आलं.

उमेरानं लॅपटॉपवरून मान वर केली. "अब्बा, दाबलं का?"

जफरमियां पलंगावरून नुसते बघत होते. उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. वाचा गेली, हातपाय गेले. उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला. आवाजावरून ट्रॅक्टरचा बिघाड ओळखणारा मारेगावचा हा मेकॅनिक आता पाणी पाहिजे हेही सांगू शकत नव्हता.

उमेरा लोहाऱ्याला एका कारखान्यात इंजिनिअर होती. रजा टाकून घरी आली ती एक नवी चिप घेऊनच. अब्बांच्या अंगठ्याजवळ तिनं मऊ रबरी बटण बसवलं. ते दाबलं की चिपच्या पिनवर, म्हणजे तार जोडायच्या टोकावर, शून्याचा एक होणार आणि स्वयंपाकघरात घंटी वाजणार. पण चिप इतकी नवी, की तिची पिन वाचणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तयार मिळेना. तो उमेरानं स्वतःच लिहायला घेतला.

"आता बोलाची गरजच नाही, अब्बा," बटण बसवताना ती मोठ्या उमेदीनं म्हणाली होती. "नुसतं दाबाचं."

टेबलावर सगळं नीट चालायचं. ती बटण दाबायची, घंटी वाजायची. अब्बांजवळ नेलं की शून्य. अंगठ्याचा जोर कमी पडत असेल, असं तिला वाटलं. किती दाब आला की 'एक' धरायचा, हे ड्रायव्हरमध्ये ठरत होतं. तिनं ती मर्यादा खाली आणली. मग आणखी खाली. तरी शून्यच. नोकरीवर परत जायची वेळ आली; घंटी वाजू लागली की ती निघणार होती. ड्रायव्हर तिनं मुळापासून पुन्हा लिहिला, मर्यादा जवळजवळ उरलीच नाही, आणि आज पुन्हा तेच.

तिला रडू फुटलं. "अम्मी, माह्याच्यानं नाही होत. अब्बा दाबून राह्यले अन् मले ते वाचताच येऊन नाही राह्यलं."

हजराबी उठल्या आणि नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी करू लागल्या. चादरीची कड बटणाला घासली.

स्वयंपाकघरात घंटी खणखणली.

उमेरा ताडकन उठली. चादर तिनं पुन्हा बटणावरून हलकेच ओढली. पुन्हा घंटी.

"चाललं! अम्मी, चाललं!"

हजराबी हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. उमेराही वळली. कापडाच्या स्पर्शानं वाजणारी घंटी अब्बांच्या अंगठ्यानं वाजली नव्हती.

"अब्बा," ती पलंगाशी वाकली, "तुमी दाबतच नव्हते?"

जफरमियांचा अंगठा हलला. चांगला ताकदीनं हलला, आणि बटणापासून लांब सरकला.