बॉनेटपुढची जागा

जॅक खाली आला, पण जीप काही खाली आली नाही. नव्या स्प्रिंगांवर ती तशीच ताठ उभी राहिली. ताईला क्षणभर ती आपली गाडीच वाटेना.

"आता ओढ्यातल्या दगडांनी हिच्या पोटाला हात लावून दाखवावा," भाऊ हात पुसत म्हणाला.

ताई ओढ्यापलीकडच्या वस्त्यांवर नर्स होती. मागे एकदा ऐन ओढ्यात जीप दगडावर बसली, तेव्हा मागच्या सीटवर एक बाई कळा देत होती. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण ताईने त्या दिवसापासून भावाच्या मागे टुमणं लावलं: गाडी उंच करून दे. भाऊ गॅरेजवाला. सुट्टी बघून तो उजाडताच बहिणीच्या अंगणात सामान घेऊन आला. उंच स्प्रिंगा, लांब शॉक अॅब्सॉर्बर आणि टायर तर एवढे दांडगे, की ते बसवायला मडगार्डच्या कडा कापाव्या लागल्या.

"चढ. का शिडी आणू बाईसाहेबांना?"

"गप रे. तुझ्या पोटापेक्षा हे टायर बरे, निदान कामाचे तरी आहेत."

दाराला लोंबकळतच ती वर चढली. बसल्याबसल्या तिला कुंपणाच्या भिंतीपलीकडचं सगळं दिसलं. शेजाऱ्यांची गच्ची, रस्त्याचं वळण, वळणावरून येणारा सायकलवाला. ती लहान मुलीसारखी हसली.

"फाटकापर्यंत ने," भाऊ मागच्या चाकाशी वाकून म्हणाला. "कुठे घासतंय का, ऐकतो."

ताईने गियर टाकला, क्लच सोडला. गाडी हलकेच निघाली. समोर रिकामं अंगण आणि उघडं फाटक.

दारावर धाडकन पाना बसला. ताईने ब्रेक दाबला.

"रंग गेला ना रे," ती वैतागून म्हणाली. मग तिने धावत दाराशी आलेल्या भावाचा चेहरा पाहिला. त्याने पाना पुढे केला. ताईने पुढे पाहिलं. अंगण रिकामंच होतं.

"काय झालं?"

त्याने पुन्हा पाना दाखवला. या वेळी खाली.

तिने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. उतरताना पायाला जमीन लागेना, ती गुडघ्यावर पडली. तशीच उठून दाराला धरत पुढे गेली.

आई बसली होती. बुटक्या स्टुलावर, गाडीकडे पाठ करून, मांडीवर मटारच्या शेंगा. बंपर आणि तिची पाठ यांच्यात जेमतेम तळहात मावला असता. आईला ऐकू येणं कधीच कमी झालं होतं. रोज सकाळी ती इथेच पाठीवर ऊन घेत बसायची. आज ही दोघं गाडीत गुंतलेली असताना कधी येऊन बसली, कळलंही नाही. वाकलेल्या भावाला गाडीखालून स्टुलाचे पाय दिसले होते.

जीपची सावली तिला डोक्यापासून पायापर्यंत झाकून पुढे गेली होती.

"आभाळ आलं वाटतं," मागे न बघता आई म्हणाली आणि तिने पुढची शेंग फोडली.

ताईने तिच्या खांद्याकडे नेलेला हात मागे घेतला. हात पदरात लपवून ती कानाशी वाकली.

"आई, आत चल."

"केवढ्याने ओरडतेस," आई म्हणाली. शेंगा ओच्यात घेऊन, भावाचा हात धरून ती उठली आणि वळून न बघता सावकाश आत गेली.

दोघं तिथेच उभी राहिली.

"रोज मला बॉनेटवरून तिचा अंबाडा दिसतो," ताई म्हणाली. "दिसला की मी थांबते. आज दिसलाच नाही रे. मी नीट बघत होते." मग म्हणाली, "उतरव हे सगळं."

"आणि ओढा?"

ताई नळाशी जाऊन तोंड धुऊन आली. तोवर भाऊ आईच्या स्टुलावर बसला होता, बंपरला पाठ लावून.

"चढ वर," तो म्हणाला. "दिसलो की सांग."

ती चढली. "नाही."

स्टूल थोडं पुढे सरकवून तो पुन्हा बसला. "आता?"

"नाही."

तो सरकत गेला. नळ मागे पडला, कुंड्या मागे पडल्या. दर वेळी वरून तेच उत्तर येत होतं, आणि दर वेळी ताईचा आवाज आणखी खाली जात होता.

"आता?"

"केस दिसतायत. नुसते केस."

भावाने बसल्याबसल्या मान वळवली. बंपर बराच लांब राहिला होता. मधल्या जागेत एका वर्गातली पोरं सहज मांडी घालून बसली असती.

"वस्तीत गाडी थांबली," वरून ताई म्हणाली, "की पोरं पहिल्यांदा पुढ्यातच येतात रे."