दहाव्याची दाढी

दादाभाऊ न्हाव्यानं वस्तरा धुतला, संपतच्या हनुवटीवरून बोटं फिरवली आणि हात मागे घेतला.

"आबा, हितं काढायला काय न्हाईच की."

कुकडीच्या घाटावर बसलेली भावकी वळून बघायला लागली. रत्ना जाऊन दहावा दिवस. सुतकात कुणी गालाला पातं लावत नाही. सगळ्यांच्या दाढ्या वाढलेल्या, पुतण्यांच्यासुद्धा. ज्याची बायको गेली त्याचे गाल तेवढे गुळगुळीत.

राजुरीहून आलेला रत्नाचा भाऊ गोकुळ पुढं झाला. "धा दिस तरी दम धरायचा व्हता, दाजी. का आत्ताच पोरगी बघायला निघालाय?"

"मला दाढी येत न्हाई, गोकुळ. लिव्हरच्या दुखण्यात गेली."

"आन् रोज सकाळी वट्यावर आरसा घिऊन काय खरडत व्हता मग? सारं बोरी गाव बघतं!"

ते खरंच होतं. कावीळ लिव्हरात मुरली तेव्हा नारायणगावच्या डॉक्टरांनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं होतं, लिव्हर बिघडलं की पुरुषाच्या अंगातलं पुरुषाचं हार्मोन कमी होतं, बाईचं वाढतं. पोटातलं पाणी उतरवायच्या गोळीनं त्यात आणखी भर पडते. संपतची दाढी विरळ होत होत गेली, छाती भरली. तो घराबाहेर पडेना. तेव्हा रत्नानंच वट्यावर आरसा मांडला, गरम पाणी आणून ठेवलं.

"फेस लावा आन् बिनपात्याचा रेझर फिरवा. गावाला काय, फेस दिसतो."

सैल सदरेही तिनंच शिवले. सोंग नीट चाललं. त्याला साक्षीदार एकच माणूस होतं, आणि आज त्याच माणसाचा दहावा होता.

संपतनं सदऱ्याची बटणं काढली. सदरा दगडावर ठेवला. छाती बाईसारखी वर आलेली होती.

गोकुळनं मान खाली घातली. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं दाजीच्या अंगावर टाकला. "ताई कधी बोलली न्हाई."

"न्हाईच बोलायची ती."

संपत आंघोळीला पाण्यात उतरला. गेले दहा दिवस रोज उठल्याबरोबर तो गालावर हात फिरवून बघत होता. नुसती खरखर लागली असती तरी चाललं असतं. सगळ्या भावकीनं रत्नाच्या नावानं दाढी वाढवली. नवऱ्याची तेवढी राहून गेली.