पुष्पचक्राची गाठ

बयामो शहरात पेट्रोल नव्हतं, शववाहिनी येईना, म्हणून युसेबियाने नवऱ्याची शवपेटी त्याच्याच विजेवरच्या तीनचाकीत ठेवायला लावली आणि आपलं पुष्पचक्र स्वतःच्या हाताने हँडलला फितीने करकचून बांधलं. लेकाने किल्ली फिरवली. दिवे लागले, पण गाडी हलेना. “बॅटरी भरलीय, आई. वायरीही धड आहेत.” “मग तुझं डोकं तपास! बापाच्या हातात कशी गुमान चालायची!” पाचला दफनभूमीचं फाटक बंद होणार होतं, मग पेटी रात्रभर उकाड्यात राहिली असती. एवढ्यात तिला मागचा ब्रेकचा लाल दिवा जळताना दिसला. ब्रेक दाबलेला असला की मोटार फिरत नाही, हे नवऱ्यानेच शिकवलं होतं. ती पुढे गेली. तिच्याच फितीने हँडलबरोबर ब्रेकचा दांडाही आवळला होता. तिने गाठ सोडली, दिवा विझला. पुष्पचक्र पोटाशी धरून ती पेटीजवळ बसली. “सावकाश ने. पेटीला धक्के नकोत. फाटकवाल्याला मी थांबवीन.”